कानाच्या तुकड्यातून जन्मलेली वगार

१२ डिसेंबर २०१४ रोजी हरियाणातल्या कर्नालला, राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेच्या गोठ्यात एक पाळीव म्हैस व्याली. वगार झाली, चांगली ३२ किलो वजनाची. पण जिनं तिला दहा महिने पोटात वाढवलं, ती तिची आई नव्हती. ज्या बीजांडातून तिची घडण सुरू झाली, ते तिसऱ्याच एका म्हशीचं होतं. आणि जिचं रूप तिच्यात उतरावं म्हणून हा सारा खटाटोप केला होता, ती आशा नावाची रानम्हैस तिथून हजार किलोमीटरहून दूर, छत्तीसगढमधल्या उदंतीच्या जंगलात होती. आशाच्या कानाचा चिमूटभर तुकडा तेवढा कर्नालला आला होता. या गर्भधारणेत नराचा वाटाच नव्हता. वगारीचं नाव ठेवलं दीपाशा. रानम्हशीचा क्लोन जन्माला घातल्याची जगातली ही पहिलीच घोषणा होती.

गडचिरोलीच्या माणसाला ही गोष्ट परक्या मुलखातली वाटू नये. महाराष्ट्रात रानम्हशी उरल्या आहेत त्या एकाच ठिकाणी, सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्का इथे. इंद्रावतीच्या अलीकडे कोलामार्का आणि पलीकडे छत्तीसगढचा इंद्रावती व्याघ्र प्रकल्प. मोजकी जनावरं नदीच्या दोन्ही तीरांवर ये-जा करतात. त्यांच्यासाठीच २०१३ मध्ये इथलं सुमारे १८० चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. उदंतीची आशा ही याच मध्य भारतीय रानम्हशींच्या गोतातली. म्हणजे कर्नालला जे घडलं, ते आपल्या रानाच्या सोयऱ्यांबाबत घडलं.

क्लोनिंग म्हटलं की आज लोकांच्या मनात पहिला विचार येतो तो आपल्या लाडक्या कुत्र्याचा, मांजरीचा. गेलेलं जनावर परत आणता येईल का? परदेशात त्याची दुकानदारी उभी राहिली आहे. हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर दीपाशापासून सुरुवात केलेली बरी, कारण क्लोनिंगचं सारं नवल आणि साऱ्या अडचणी तिच्या एका जन्मात एकवटल्या आहेत.

पेशी मागे फिरते

आपल्याकडच्या जंगलात क्लोन पावलापावलावर आहेत. गडचिरोलीतलं बांबूचं एक बेट घ्या. जमिनीखालच्या एकाच कंदातून वर्षानुवर्षं नवे कोंब येत राहतात. दिसायला दहा-वीस बांबू, पण जनुकांच्या हिशेबानं ते एकच झाड. आंब्याचं कलम बांधतो तेव्हाही आपण क्लोनच करत असतो. झाडांना हे सहज जमतं. गाय, म्हैस, वाघ, माणूस यांना जमत नाही. तुटलेल्या कानातून म्हैस उगवत नाही.

पण का नाही? आशाच्या कानातल्या प्रत्येक पेशीत अख्खी म्हैस घडवण्याची सगळी माहिती होती. पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि रानम्हशीत त्यांची ५० गुणसूत्रं होतात. कानाच्या पेशीत ही पन्नासही असतात, काळजाच्या पेशीत आणि खुराच्या पेशीतही तीच. फरक एवढाच, की गर्भ वाढताना प्रत्येक पेशी आपल्या कामापुरता मजकूर उघडा ठेवते आणि बाकीचा मिटून टाकते. त्वचेची पेशी त्वचेपुरतं वाचते. एकदा मिटलेलं पुन्हा उघडत नाही, अशीच जीवशास्त्रज्ञांची बराच काळ समजूत होती.

ती समजूत मोडली ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डन या तरुण संशोधकानं. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक त्यानं काढलं आणि स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या बेडकाच्या अंड्यात ते सोडलं. त्या अंड्यातून पोहणारी पिल्लं तयार झाली. १९६२ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि ५० वर्षांनी, २०१२ मध्ये, गर्डन यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. आतड्याचं काम करण्यात मुरलेली पेशी अंड्याच्या रसात पडल्यावर आपली सारी नोकरी विसरली आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून जगायला लागली! सगळं नवल इथेच आहे. कात्री, सुई आणि विजेचा झटका ही माणसाची हत्यारं. पेशीचं घड्याळ मागे फिरवण्याची विद्या मात्र अंड्याची स्वतःची आहे.

सस्तन प्राण्यात हे घडायला आणखी तीन दशकं लागली. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत डॉली नावाची मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या एका पांढऱ्या तोंडाच्या मेंढीच्या कासेतली पेशी, काळ्या तोंडाच्या जातीच्या मेंढीचं अंडं आणि काळ्या तोंडाच्याच मेंढीचं गर्भाशय. कोकरू जन्मलं ते पांढऱ्या तोंडाचं. कुणाचा वारसा आला, हे गोठ्यात उभं राहून डोळ्यांनी दिसत होतं. पण त्या एका डॉलीमागे जोडलेल्या २७७ पेशी होत्या. त्यांतून २९ गर्भ हाती लागले आणि त्यातला एकच जन्माला आला.

कर्नालची हातोटी

डॉलीच्या पद्धतीला महागडी यंत्रं लागतात. कर्नालच्या शास्त्रज्ञांनी वापरली ती हातानं करायची पद्धत. अंड्याचं बाहेरचं कवच विकरानं विरघळवायचं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्यानं अंडं कापायचं आणि केंद्रक असलेला भाग बाजूला टाकायचा. केंद्रक नसलेले दोन तुकडे आणि मधोमध दात्या जनावराची एक पेशी, अशी जुळणी करून विजेचा सौम्य झटका द्यायचा, की तिन्ही एकजीव होतात. मग आठवडाभर पोषक द्रवात वाढवून तो गर्भ म्हशीच्या गर्भाशयात सोडायचा. हे सारं डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या कणावर, हात न थरथरू देता.

६ फेब्रुवारी २००९ रोजी या पद्धतीनं जगातलं पहिलं क्लोन रेडकू जन्मलं, समरूपा. फुप्फुसाच्या संसर्गानं ती आठवडाभरही जगली नाही. त्याच वर्षी ६ जूनला गरिमा जन्मली. ती दोन वर्षांहून थोडी अधिक जगली. २२ ऑगस्ट २०१० ला गरिमा-२ आली, मोठी झाली आणि २५ जानेवारी २०१३ रोजी तिनं महिमा नावाच्या वगारीला जन्म दिला. क्लोन केलेली म्हैस चारचौघींसारखी माजावर येते, गाभण राहते, दूध देते, हे त्यातून सिद्ध झालं. पुढे १६ मार्च २०२३ रोजी त्याच संस्थेत गीर गाईचा क्लोन जन्मला, गंगा. या प्रत्येक नावामागे वाया गेलेले अनेक गर्भ आहेत, हेही ध्यानात ठेवायला हवं. जुन्या पेशीतला मिटलेला मजकूर अंड्याला पुष्कळदा अर्धवटच उघडता येतो. मग गर्भ अडतो, वार नीट धरत नाही, किंवा जन्मलेल्या जिवाची फुप्फुसं कमजोर राहतात.

उदंतीत त्या काळी रानम्हशींच्या उरल्यासुरल्या गटात आशा ही एकटी मादी होती आणि तिला होणारी रेडकं बहुतेक नरच. एका मादीवर कळप टेकलेला. म्हणून छत्तीसगढचा वनविभाग कर्नालकडे गेला. मागे वळून त्या निर्णयाकडे पाहताना त्यातली तळमळ मला खरी वाटते. रानम्हैस हा त्या राज्याचा राज्यप्राणी आणि तो डोळ्यांदेखत संपत होता.

मग दीपाशा आशाची हुबेहूब प्रत झाली का? विज्ञानाचं उत्तर आहे, पूर्ण कधीच होणार नव्हती. पेशीच्या केंद्रकाबाहेरही थोडा डीएनए असतो, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये. तिथे जेमतेम ३७ जनुकं असतात, पण ती येतात अंड्याकडून. अंडी मिळवली होती कत्तलखान्यातून आणलेल्या पाळीव म्हशींच्या अंडाशयांतून. म्हणजे दीपाशाचं केंद्रक रानातलं असलं, तरी ऊर्जेची ही छोटी शिदोरी गोठ्यातली. शिवाय गर्भ वाढला तो पाळीव मुऱ्हा म्हशीच्या पोटात.

पुढे तिला नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणलं. तिचं रूप रानम्हशीचं नसून मुऱ्हाचं आहे, असा आक्षेप वन्यजीवप्रेमींनी घेतला आणि डीएनए तपासणीची मागणी केली. ही मागणी रास्तच आहे. क्लोनच्या दाव्याची कसोटी सोपी असते. केंद्रकातला डीएनए दात्याशी तंतोतंत जुळला पाहिजे आणि तंतुकणिकांतला अंडं देणाऱ्या मादीशी. या कसोटीचं महत्त्व जगाला पटलं ते एका कुत्र्यामुळे.

स्नपी, सीसी आणि ५० हजार डॉलर

२४ एप्रिल २००५ रोजी दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये स्नपी जन्मला. हा जगातला पहिला क्लोन कुत्रा. ताई नावाच्या अफगाण हाउंडच्या कानातली पेशी आणि लॅब्राडोर कुत्रीचं गर्भाशय. काहीच महिन्यांत त्या प्रयोगशाळेचे प्रमुख ह्वांग वू-सुक यांचे मानवी पेशींबद्दलचे दावे बनावट निघाले आणि सगळ्यांनाच स्नपीबद्दल शंका आली. मग इतर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे डीएनए तपासला आणि स्नपी खरा ठरला. एकाच प्रयोगशाळेतलं एक खोटं आणि एक खरं; दोन्ही ठरलं कसोटीवर, कुणाच्या शब्दावर नाही.

स्नपीसाठी लागलेला हिशेब मात्र काळजात रुतावा असा आहे. १ हजार ९५ गर्भ, १२३ कुत्र्या, दोन जन्म. त्यातलं एक पिल्लू तीन आठवड्यांत न्यूमोनियानं गेलं. कुत्र्याचं क्लोनिंग इतकं जड का जातं? म्हशीच्या अंडाशयातली अंडी प्रयोगशाळेत पिकवता येतात. कुत्रीचं अंडं बाहेर पडतं ते कच्चंच, आणि पुढचे दोन-तीन दिवस अंडवाहिनीत राहून तिथे पिकतं. ही वेळ साधायची तर जिवंत कुत्रीवर शस्त्रक्रिया करून अंडी धुऊन काढावी लागतात. गर्भ आत सोडायला दुसऱ्या कुत्रीवर पुन्हा शस्त्रक्रिया. कुत्री माजावर येते वर्षातून एक-दोनदा, म्हणून हाताशी पुष्कळ कुत्र्या ठेवाव्या लागतात. तंत्र पुढे सुधारलं, आकडे उतरले. पण कुणाच्या तरी अंगावर टाके पडल्याशिवाय क्लोन पिल्लू आजही होत नाही.

आता मांजरीची गोष्ट. २२ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सीसी नावाची जगातली पहिली क्लोन मांजर जन्मली. तिची दाती रेनबो पांढऱ्या, काळ्या आणि नारिंगी रंगाची. सीसीच्या अंगावर नारिंगी केस एकही नाही! जनुकं तीच, मग रंग कुठे गेला? मांजरीच्या केसांचा नारिंगी रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे एक्स दोन. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी दोनांपैकी एक एक्स कायमचा बंद करते. कोणता करायचा, याला नियम नाही. म्हणून तिरंगी मांजरीच्या अंगावर ठिगळं दिसतात. रेनबोची जी पेशी क्लोनिंगसाठी निवडली गेली, तिच्यात नारिंगी रंगाचा एक्स बंद होता आणि अंड्यालाही तो उघडता आला नाही. क्लोन केलेल्या गायींच्या अंगावरचे ठिपकेही दाती गायीसारखे पडत नाहीत. ठिपके कुठे पडावेत हे गर्भात, त्या त्या क्षणी, पेशींच्या हालचालीत ठरतं. सीसी पुढे १८ वर्षं जगली, तिला पिल्लंही झाली. सुखी मांजर होती ती, पण ती रेनबो नव्हती.

एवढं माहीत असूनही अमेरिकेत, चीनमध्ये, कोरियात पाळीव प्राण्यांचं क्लोनिंग हा धंदा झाला आहे. अमेरिकेत एका कुत्र्याचे ५० हजार डॉलर घेतात, म्हणजे आपले ४० लाखांहून अधिक रुपये. बार्ब्रा स्ट्रायसँड या गायिकेनं आपल्या समँथा नावाच्या कुत्रीच्या पेशींतून दोन पिल्लं करवून घेतली आणि २०१८ मध्ये ते जाहीर केलं. दोघींचे स्वभाव समँथापेक्षा वेगळे निघाले, हेही तिनंच सांगितलं.

अशा माणसांना हसणं मला पटत नाही. ज्यानं आपल्या हातानं म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं पाणी पाजलं आहे, त्याला ते दुःख ठाऊक असतं. पण दुःख खरं आहे म्हणून त्यावर विकला जाणारा उपाय खरा ठरत नाही. क्लोन म्हणजे परत आलेला जीव नव्हे. ते गेलेल्या जनावराचं उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. त्याला पूर्वीची हाक आठवणार नाही, घराचा जिना आठवणार नाही, तुम्ही आठवणार नाही.

दोन माया आणि एक नेगल

ताडोब्याची माया आठवते? पांढरपौनीच्या पाण्याभोवती राज्य करणारी ही वाघीण, अधिकृत नोंदीत टी-१२. तिला पाहायला देशभरातून माणसं येत. २०२३ च्या ऑगस्टनंतर ती दिसेनाशी झाली. पुढे जंगलात एका वाघाचे अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीनं ते मायाचेच असल्याचं सांगितलं. ज्या डीएनएनं तिची ओळख पटली, त्याच डीएनएपासून ती पुन्हा घडवता येईल का?

नाही. डीएनए वाचणं वेगळं आणि त्यापासून जीव घडवणं वेगळं. ओळख पटवायला तुटक्या साखळ्यांचे काही तुकडे पुरतात. क्लोनिंगला हवी असते शाबूत केंद्रकाची पेशी, जिवंत किंवा जिवंतपणीच नीट गोठवलेली. उन्हापावसात पडलेल्या हाडांत ती उरत नाही. सिरोंच्याजवळ वडधमच्या जीवाश्म उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची आणि डायनोसोरांची दगड झालेली खोडं-हाडं आहेत. सिनेमात दाखवतात तसं त्यांतून काही उठून उभं राहणार नाही. आजवर वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. तोही निव्वळ तुकड्यांत.

योगायोग असा, की दुसरी एक माया खरोखर क्लोन झाली आहे. ती आर्क्टिक लांडगा. चीनमधल्या हार्बिनच्या प्राणी उद्यानातली ही लांडगीण म्हातारपणी गेली. तिच्या पेशींपासून बीजिंगच्या एका कंपनीनं १० जून २०२२ रोजी पिल्लू जन्माला घातलं आणि त्याचंही नाव मायाच ठेवलं. गर्भ वाढवला तो बीगल जातीच्या कुत्रीनं. लांडगा आणि कुत्रा इतके जवळचे आहेत म्हणून हे साधलं. वाघासाठी असं सोपं गर्भाशय नाही. मांजरीच्या पोटात वाघाचा गर्भ मावणार नाही. आणि मायाचं माया असणं कुठे होतं? पाण्याच्या काठावर कुठे दबा धरायचा, जिप्सीच्या आवाजाला किती किंमत द्यायची, पिल्लांना नर वाघांपासून कसं वाचवायचं, हे तिनं आयुष्यभर त्या रानात कमावलं होतं. कमावलेलं पेशीत उतरत नाही.

भामरागडजवळच्या हेमलकसाला गेलेल्यांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. डॉ. प्रकाश आमटे यांना शिकार करून परतणारे माडिया भेटले, मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं दिसलं आणि ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं. तिथून प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. विलास मनोहर यांच्या ‘नेगल’ या पुस्तकानं तिथला एक बिबट्या मराठी घराघरांत नेला. नेगलला नेगल केलं ते माणसांच्या सहवासानं आणि त्या अंगणानं. त्याच्या पेशीपासून बिबट्या झाला असता, तर तो दुसराच कुणीतरी झाला असता, अंगावरची फुलंसुद्धा वेगळ्या जागी पडलेला. या अनाथालयातही लाडकी जनावरं मरतात. तिथली माणसं मेलेल्याची प्रत शोधत नाहीत; दाराशी आलेल्या पुढच्या अनाथ पिल्लाला जवळ करतात. प्राण्यावरच्या मायेचा याहून सरळ धडा मला ठाऊक नाही.

मग क्लोनिंग कशाला?

एका जागी मात्र ही विद्या खरोखर मोलाची आहे. अमेरिकेतलं काळ्या पायांचं फेरेट हा मुंगसाएवढा प्राणी जवळजवळ संपला होता. क्लोनचा वंश सोडला, तर आज जिवंत असलेले सगळे फेरेट अवघ्या सात पूर्वजांपासून आले. १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशी सॅन दिएगोत उणे १९६ अंशांत जपून ठेवल्या होत्या. ती त्या सातांत नव्हती. १० डिसेंबर २०२० रोजी तिचा क्लोन जन्मला, एलिझाबेथ ॲन. पुढे त्याच पेशींपासून झालेल्या अँटोनियाला २०२४ मध्ये पिल्लंही झाली. हरवलेलं रक्त वंशात पुन्हा मिसळलं. इथे क्लोनिंगनं वंशाची विविधता वाढवली. जे हाताशी आहे त्याचीच प्रत काढणं आणि जे हरवलं ते परत मिसळणं, यातला फरक इथे कळतो. यासाठी पेशी आधीच साठवून ठेवाव्या लागतात. आपल्याकडे ते काम हैदराबादच्या लॅकोन्स या प्रयोगशाळेत चालतं. तिथे २०१८ मध्ये वन्यजीवांची राष्ट्रीय जनुक बँक सुरू झाली.

अपयशंही लक्षात ठेवू. आपल्या जंगलातल्या गव्याचा क्लोन २००१ च्या जानेवारीत अमेरिकेत एका गाईच्या पोटी जन्मला, नाव नोआ. जुलाबाच्या आजारानं तो दोन दिवसांत गेला. स्पेनमधली बुकार्डो ही रानबकरी २००० मध्ये नामशेष झाली. २००३ मध्ये तिचा क्लोन जन्मला आणि फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांत मेला.

विविधता का हवी, याचं उत्तर चंद्रपूरनंच देशाला दिलं आहे. ओडिशाच्या सिमिलीपालमध्ये वाघांचा छोटा गट इतरांपासून तुटला, आपसांतच वाढला आणि तिथे काळसर पट्ट्यांचे वाघ मोठ्या प्रमाणात दिसू लागले. पाहणाऱ्याला सुंदर, वंशाला धोक्याची खूण. २०२४ च्या अखेरीस ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिकडे पाठवल्या गेल्या, नवं रक्त मिसळावं म्हणून. झीनत झारखंडमार्गे पश्चिम बंगालात भटकली आणि तिला पकडून परत न्यावं लागलं, तेव्हा सारा देश तिचा माग काढत होता. त्या दोघींनी जे नेलं, ते शंभर क्लोनही देऊ शकले नसते.

दीपाशाचं कोडंही इथेच सुटतं. ती शंभर टक्के आशाची प्रत ठरली, तरी आशाकडे नसलेलं एकही जनुक ती आणत नाही. कळप तिच्यानं वाढतो, वंश रुंदावत नाही. आणि एकसारख्या जनावरांच्या कळपाला एकच रोग पुरतो. मध्य भारतातल्या गव्यांना आणि रानम्हशींना बुळकांडीनं कसं झोडपलं, हे जुन्या वनकर्मचाऱ्यांना ठाऊक आहे. तो रोग २०११ मध्ये जगातून हद्दपार झाला तो गावोगावच्या गुरांना लस टोचून. त्या लसीनं वाचवलेल्या जनावरांच्या तोडीचं काम क्लोनिंगनं अजून केलेलं नाही.

रानाला वाट मोकळी मिळाली तर तेही आपलं काम करतं. २०२१ मध्ये छत्तीसगढमधून रानटी हत्तींचा कळप चालत गडचिरोलीत आला. त्यांना कुणी आणलं नव्हतं. त्यांच्यामुळे शेतकऱ्यांचं नुकसान झालं, माणसं दगावली, ते दुःख वेगळं आणि खरं आहे; भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण जंगल सलग असेल तर जनावर आपल्या पायांनी येतं, हेही त्या कळपानं दाखवलं. कोलामार्कातल्या रानम्हशींना नेमकी हीच सलगता हवी आहे, इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर. त्यांना हवं आहे उन्हाळ्यात टिकणारं पाणी आणि ओलसर गवत. गावातल्या म्हशी-हेल्यांशी संकर होऊ नये, कारण संकरानं जंगली वंश नकळत पुसला जातो आणि तो पुसला गेल्यावर कानाचा तुकडा जपूनही उपयोग नसतो. आणि त्यांना हवी आहेत भोवतालच्या गावांतली लाळ्या-खुरकुताची लस घेतलेली गुरं. रानम्हशींच्या पेशी साठवाव्यात, जरूर साठवाव्यात; अडीनडीची ती ठेव आहे. पण ठेवीवर घर चालत नाही.

पाळीव प्राण्यांचा हिशेब त्याहून स्पष्ट आहे. एका क्लोन कुत्र्याच्या ४० लाखांत शेकडो गावकुत्र्यांना लस आणि नसबंदी मिळेल. जंगलाच्या कडेच्या गावांत हे काम वाघाच्याही उपयोगाचं आहे. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा रोग वाघ-सिंहांना होतो आणि २०१८ मध्ये गीरच्या सिंहांना तो भोवला होता.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या आणि त्यापलीकडच्याही वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमचं लाडकं जनावर गेलं, तर मनसोक्त रडा, त्याची आठवण जपा, आणि मग गल्लीतलं एखादं पोरकं पिल्लू घरी आणा. घरच्या कुत्र्याला रेबीज आणि डिस्टेंपरची, गोठ्यातल्या गुरांना लाळ्या-खुरकुताची लस चुकवू नका. ताडोब्याचा वाघ पाहून परतताना कोलामार्काबद्दल विचारा, त्याबद्दल लिहा, लोकप्रतिनिधींना त्याची आठवण करून द्या. महाराष्ट्रातल्या शेवटच्या रानम्हशी आज तिथे जिवंत आहेत, आणि जिवंत कळप राखणं हे कर्नालच्या कुठल्याही चमत्कारापेक्षा स्वस्त, सोपं आणि खात्रीचं काम आहे.